हनिमूनला दुबई की सिंगापूर? पुण्यातून सतत येणारे प्रश्न

तुळशीचं लग्न झालं की मला हे प्रश्न यायला लागतात ते पार जूनपर्यंत. मामेबहिणी, ऑफिसातली मुलं, सोसायटीतल्या काकूंचा भाचा, सगळ्यांचं घोडं इथेच अडलेलं असतं. आम्ही २०१९ च्या मे महिन्यात हनिमूनला सिंगापूरला गेलो होतो, आणि दुबईला करामामध्ये माझी नणंद राहते त्यामुळे तिकडे एकदा डिसेंबरात आणि एकदा भर जूनमध्ये राहून आलेय. तेच तेच फोनवर सांगत बसायचं म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलंय.

१. ताई, फार खोलात नको, एका वाक्यात सांग, दुबई की सिंगापूर?

लग्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल तर दुबई, एप्रिल ते जूनमध्ये असेल तर सिंगापूर. खरंच सांगते, अर्धा निर्णय मुहूर्तच करून टाकतो आणि लोक नेमका तोच सोडून हॉटेलचे फोटो बघत बसतात. हिवाळ्यात दुबईची हवा इतकी छान असते की दिवसभर बाहेर हिंडता येतं, संध्याकाळी पातळ जॅकेट लागतं. मे-जूनमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी नुसता रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी नको वाटतं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथे बारा महिने एकच ऋतू, तीस-एकतीस डिग्री, दमट, आणि मधूनच धो धो पाऊस येऊन तासाभरात लख्ख ऊन. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे पाऊस जरा जास्तच असतो.

उरलेला अर्धा निर्णय तुमचा दोघांचा रविवार कसा जातो त्यावर. सकाळी तळजाईला चक्कर, संध्याकाळी एफसी रोडला पायी भटकंती, मिळेल तिथे खाणं, असं असेल तर सिंगापूर तुमच्यासाठीच आहे. उशिरा उठायचं, मोठी खोली, मस्त ब्रेकफास्ट, दारात गाडी, असं असेल तर दुबई. झगमगाट दोन्हीकडे पोटभर आहे, त्यावरून ठरवू नका.

२. आम्ही दोघंही पहिल्यांदाच परदेशात जातोय, सोपं कुठलं पडेल?

दोन्ही सोपी आहेत, टेन्शन घेऊ नका. दुबईत टॅक्सीवाला, दुकानदार, हॉटेलातला मुलगा, कुणाशीही हिंदीत बोला, आणि मुंबईहून साधारण तीन-सव्वातीन तासात पोचता. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सिंगापूरला साधारण साडेपाच तास लागतात आणि घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे रात्रीच्या विमानाने गेलात तर झोपेचं खोबरं होतं, पहिल्या दिवशी काही बुक करू नका. सिंगापुरात इंग्रजी सगळीकडे चालतं आणि मेट्रोच्या पाट्या इतक्या स्पष्ट आहेत की माझ्या सासूबाई नंतर आल्या होत्या तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याच आम्हाला कुठे उतरायचं ते सांगत होत्या.

प्लग दोन्हीकडे सारखाच लागतो, तीन चपट्या पिनांचा. ॲडॉप्टर इथूनच न्या.

३. पुण्यातून थेट विमान आहे का, की मुंबईलाच जावं लागतं?

लोहगावहून दुबई आणि सिंगापूर दोन्हीकडे थेट विमानं झालेली आहेत, पण ती वेळापत्रकाप्रमाणे सुरू होतात, बंद होतात, आठवड्यातून काहीच वार असतात. तुमच्या तारखेला आहे का ते विमान कंपनीच्या साइटवर बघा आणि मिळालं तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी घ्या, कारण लग्नाच्या धावपळीनंतर एक्स्प्रेसवेवरचा तो प्रवास जिवावर येतो. मुंबईहूनच जायचं असेल तर विमानाच्या तीन तास आधी पोचायचं हे धरून त्याच्याही पाच तास आधी घर सोडा. शुक्रवार संध्याकाळ किंवा लाँग वीकेंड असेल तर अजून एक तास. घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळं गणित कोलमडतं, हे पुण्यातल्या माणसाला मी काय सांगायचं.

४. व्हिसाचं काय? कुठला पटकन मिळतो?

दोन्ही देशांना भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो, आणि दोन्हीकडे पासपोर्ट किमान सहा महिने वैध पाहिजे. दुबईचा व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा एजंटमार्फत ऑनलाइन निघतो, तीस किंवा साठ दिवसांचा. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मागतात, ते खरं आणि कन्फर्म असू दे.

सिंगापूरचा अर्ज अधिकृत एजंटकडून जातो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचे पैसे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. निघायच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, ते फुकट आहे, कुणी त्याचे पैसे मागत असेल तर ती चुकीची साइट आहे.

आता आयटीवाल्यांसाठी. तुमच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर दुबईत उतरल्यावर फी भरून १४ दिवसांचा व्हिसा मिळतो. पण हे ज्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे त्याच्यापुरतंच, बायकोकडे नसेल तर तिचा वेगळा आधी काढायलाच लागतो. दोन वेळा असं झालंय की नवऱ्याला वाटलं माझ्यावर तिचंही होईल. सिंगापुरात ९६ तासांची बिनव्हिसा सोय ऐकली असेल, ती पुढे तिसऱ्या देशात जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी आहे, पुणे-सिंगापूर-पुणे करणाऱ्यांसाठी नाही.

५. पासपोर्टवर माहेरचं नाव आहे, लग्नानंतर बदलायला लागेल का?

अजिबात नाही. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर जगभर फिरता येतं. फक्त तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं पासपोर्टवरच्या नावानेच काढा, पत्रिकेतलं नवीन नाव कुठेही टाकू नका. नाव बदलायचंच असेल तर ट्रिपहून आल्यावर निवांत मुंढव्याच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. ऐन लग्नाच्या महिन्यात पासपोर्ट प्रोसेसला टाकून बसू नका.

६. माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, चालेल?

सिंगापूरला जाता येतं, दुबईला अडचण आहे. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याने, पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्यांना टुरिस्ट व्हिसावर प्रवेश बंद केलाय. म्हणजे नावाच्या रकान्यात एकच शब्द आणि आडनाव कोरं, किंवा उलटं, तर विमानातच बसू देत नाहीत. आज रात्रीच दोघांचे पासपोर्ट काढून बघा. तसं असेल आणि दुबईच हवं असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायचा, मग बाकी सगळं.

७. लग्नानंतर किती दिवसांनी निघावं आणि किती दिवस जावं?

लग्न, पूजा, कुलदैवताचं दर्शन, जेजुरी, गोंधळ, मांडवपरतणी हे सगळं झाल्यावर किमान दोन दिवस घरी नुसते झोपा आणि मग निघा. घरातले म्हणतात लगेच जाऊन या, पण सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालेली जोडपी पहिले दोन दिवस हॉटेलात ताप आणि घसा घेऊन पडलेली मी पाहिलीयेत.

दुबईला पाच रात्री, सिंगापूरला सहा रात्री पुरतात. त्यात एक पूर्ण दिवस कोरा ठेवा. हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते आणि प्रत्येक जण त्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओ घुसवतो. नका ना. तुम्ही अजून एकमेकांना ओळखतच असता, त्यासाठी पण वेळ लागतो.

८. खर्चात किती फरक पडतो?

आकडा मी देणार नाही, तो महिन्यावर आणि हॉटेलवर इतका बदलतो की दिलेला आकडा फसवेल. पण पैसे कुठे जातात ते सांगते.

सिंगापुरात हॉटेल महाग, खोली लहान. त्याच पैशात दुबईत जवळपास दुप्पट मोठी खोली मिळते. पण सिंगापुरात बाकीचं स्वस्तात होतं, मेट्रो एक-दोन डॉलरमध्ये कुठेही नेते, हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या जागी, पाच-सात डॉलरमध्ये पोट भरतं, आणि सगळ्यात सुंदर गोष्टी फुकट आहेत. गार्डन्स बाय द बेच्या सुपरट्रींचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, रात्रीचा लाइट शो फुकट, मरीना बेचा पाण्यावरचा शो फुकट, बोटॅनिक गार्डन फुकट. काचेच्या त्या दोन मोठ्या घुमटांना, फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्टला तिकीट आहे, ते जरूर काढा.

दुबईत उलटं. राहणं परवडतं पण बहुतेक ठिकाणी पाय ठेवला की तिकीट, आणि अंतरं मोठी म्हणून टॅक्सी. अपवाद सांगते. बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी होणारा कारंज्याचा शो फुकट आहे. आणि खाडी ओलांडणारी ती लाकडी होडी, अब्रा म्हणतात तिला, फक्त एक दिरहॅम. बर दुबईच्या बाजूने संध्याकाळी बसा, कडेला फळीवर पाय सोडून, डिझेलचा वास, पाण्यावर पिवळे दिवे, शेजारी कामावरून घरी जाणारी माणसं, आणि पाच-सात मिनिटांत देऱ्याला मसाल्यांच्या बाजाराशी उतरा. दुबईत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तीच आहे.

लपलेले खर्च पण धरा. दुबईत हॉटेलवाले प्रत्येक खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहॅम टुरिझम फी चेक-इनला वेगळी घेतात, पॅकेजमध्ये ती बहुधा नसते. सिंगापुरात मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसली की १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी वरून लागणार असं समजा. डिपॉझिटसाठी हॉटेल कार्डावर रक्कम अडकवतं, तिथे क्रेडिट कार्ड द्या, डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे कित्येक दिवस अडकून राहतात. आमचे बारा दिवस अडकले होते आणि शेवटच्या दोन दिवसांना हात आखडता घ्यावा लागला.

९. पॅकेज घ्यावं की स्वतः बुक करावं?

सिंगापूर स्वतः करा, दुबईला अर्धं-अर्धं. सिंगापुरात सगळं मेट्रोवर आहे, पॅकेजची बस तुम्हाला साडेसातला खाली बोलावते आणि हनिमूनला साडेसातला कोण खाली येतं. दुबईत डेझर्ट सफारी आणि अबू धाबीची चक्कर कुणाकडून तरी घेतलेली बरी, ती गाडीसकट बुक करा.

पॅकेज घेतलंत तर कोटेशनमध्ये हॉटेलचं नाव लिहून मागा, नुसतं "फोर स्टार किंवा तत्सम" चालवून घेऊ नका. माझ्या आतेभावाचं हेच झालं, त्या तत्समच्या नावाखाली एजंटने शारजाच्या हद्दीजवळचं हॉटेल दिलं, रोज दुबईत यायला-जायला ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. बुधवारी लग्नाचा शालू आवरणारी मुलगी सोमवारी बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली, असे त्यांचे अर्धे फोटो आहेत. मला अजून वाईट वाटतं.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा कर) कापतात, पॅन कार्ड लागतं. तो खर्च नसतो, रिटर्न भरताना जमा मिळतो. दर बजेटमध्ये बदलत राहतो म्हणून बुकिंगच्या वेळचा दर विचारून घ्या.

१०. हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं?

दुबईत पहिल्यांदा जाताय तर मेट्रोच्या रेड लाइनजवळ, डाउनटाउन किंवा मरीना. समुद्र हवा असेल तर मरीना, बुर्जजवळ रात्री रेंगाळायचं असेल तर डाउनटाउन. बजेट कमी असेल तर बर दुबई किंवा करामा, जेवणाची चंगळ असते. पाम जुमेराह फोटोत सुंदर पण तिथून कुठेही जायचं म्हणजे टॅक्सी, त्यामुळे तिथे शेवटच्या दोन रात्री ठेवा, नुसतं लोळायला.

सिंगापुरात बुगिस, क्लार्क की (Clarke Quay) किंवा लिटल इंडियाच्या आसपास. सेंटोसा बेटावर एखादी रात्र छान वाटते, पूर्ण ट्रिप नको.

११. मरीना बे सँड्स हॉटेलचा तो गच्चीवरचा स्विमिंग पूल तिकीट काढून बघता येतो का? आणि बुर्ज खलिफाचं कुठलं तिकीट घ्यावं?

पूल फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. तिकीट काढून ऑब्झर्व्हेशन डेकवर जाता येतं, नजारा तोच, पण पुलात उतरता येत नाही. ज्यांना पूल हवाच आहे त्यांना मी सांगते, पाच रात्री साध्या हॉटेलात काढा आणि एकच रात्र तिथे घ्या, शेवटची. चेक-इन झालं की लगेच वर जाऊन बसा, दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन पण तिथेच. महाग पडतं, पण एका रात्रीपुरतं झेपतं.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच, २०१० मध्ये सुरू झालं. १२४-१२५ व्या मजल्याचं तिकीट पुरेसं आहे, १४८ व्याचं खूपच महाग. सूर्यास्ताची वेळ सगळ्यांनाच हवी असते, ती लवकर संपते आणि किंमतही वाढवलेली असते. सूर्यास्ताच्या तासभर आधीचा स्लॉट घेतलात तर वर रेंगाळून उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात. मेट्रो स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत एसी पादचारी पुलावरून पाऊण किलोमीटरहून जास्त चालायचं असतं, आणि मॉलमध्ये अजून तेवढंच. हिल्स घालू नका.

१२. डेझर्ट सफारीला उलटी होते म्हणतात, खरंय?

ज्यांना आपला वरंध घाट लागतो त्यांना होऊ शकते. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वर-खाली आदळवत नेतात, साधारण अर्धा तास. दुपारी हलकं जेवा, पुढच्या सीटवर बसायला मागा, आणि बुकिंग करतानाच सांगा की आम्हाला टेकड्यांची उडवाउडवी नको, थेट कॅम्पवर सोडा. तशी सोय असते. गरोदरपणाची शंका असेल किंवा पाठीचं दुखणं असेल तर ते करूच नका.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

दुबईत प्रश्नच नाही, करामा आणि बर दुबईत गुजराती थाळीपासून मिसळ-वडापावपर्यंत सगळं आहे. सिंगापुरात लिटल इंडियाला मुक्काम किंवा निदान रोजची एक चक्कर ठेवा. सेरंगून रोडचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे, तिथला डोसा खाल्ला की जीव भांड्यात पडतो. बाकी शहरात शाकाहारी म्हटलं तरी मासे किंवा कोळंबीची पेस्ट घातलेली असू शकते, म्हणून "नो मीट, नो फिश, नो सीफूड, नो एग" असं पूर्ण म्हणा. जैन असाल तर दुबई जास्त सोपं.

१४. आईने सोबत खूप खाऊ दिलाय, नेता येईल ना?

हे उत्तर नीट वाचा, प्लीज. खसखस यूएईत बंदी असलेल्या वस्तूंमध्ये आहे आणि सिंगापुरातही. अफूच्या झाडाचं बी म्हणून. आता आपल्याकडे खसखस कशाकशात असते बघा: अनारसे, डिंकाचे लाडू, करंजीचं सारण, बाकरवडी, काही घरांचा मसाला. आमच्या वेळी आईने स्टीलच्या डब्यात चोवीस डिंकाचे लाडू भरून दिले होते, खारीक, खोबरं आणि वरून भाजलेली खसखस, पांढरे ठिपके डोळ्यांना दिसत होते. निघायच्या आदल्या रात्री मोठ्या जावेच्या लक्षात आलं. डबा घरीच राहिला आणि आईला फोन करून सांगताना माझा आवाज भरून आला होता, पण ते योग्यच केलं. तुम्ही आईला आधीच सांगा म्हणजे ती बिन-खसखशीचे करेल. विकतच्या पाकिटावरचे घटक वाचा.

विड्याची पानं दुबईला नेऊ नका, चालत नाहीत. गुटखा, तंबाखू, मावा दोन्हीकडे नकोच, सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. वेप (ई-सिगारेट) सिंगापुरात बेकायदा आहे, नुसतं बॅगेत सापडलं तरी दंड. च्युइंगम तिथे आणायलाच १९९२ पासून बंदी आहे. चकली, चिवडा, शंकरपाळे, मेथीचे ठेपले खुशाल न्या.

औषधं: कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि अँग्झायटीच्या गोळ्या, यांना दोन्ही देशांत आधी ऑनलाइन परवानगी लागू शकते. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ पाकीट ठेवा, सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.

१५. हातात हात घालून फिरलं तर चालतं का दुबईत?

नवरा-बायकोने हात धरला तर कुणी काही म्हणत नाही. किस, घट्ट मिठी वगैरे चारचौघांत नको, तक्रार झाली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. हॉटेलच्या खासगी बीचवर वातावरण मोकळं असतं. मेट्रोत डब्याचा एक भाग बायका-मुलांसाठी असतो, जमिनीवर गुलाबी पट्टा असतो, नवऱ्याने चुकून पलीकडे पाय टाकला तर १०० दिरहॅम दंड. गर्दीत तुम्ही दोघं वेगळे होता आणि तो तुमच्या मागे येतो, तिथेच चूक होते, त्याला आधी सांगून ठेवा.

सिंगापूर याबाबतीत मोकळं आहे. रात्री अकरालाही मरीना बेच्या कठड्यावर बसून गप्पा मारता येतात, सुरक्षित वाटतं. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत.

ड्रिंक्स घेणाऱ्यांसाठी: दुबईत वय २१, फक्त परवाना असलेल्या हॉटेल-बारमध्ये, रस्त्यावर किंवा बीचवर नाही. सिंगापुरात वय १८, आणि रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी पिता येत नाही.

१६. कपडे कुठले न्यायचे?

सिंगापूर: सुती, शॉर्ट्स चालतात, एक छत्री, एक पातळ स्टोल कारण मॉलमध्ये एसी गारठवतो. दुबई: मॉलमध्ये खांदे-गुडघे झाकलेले बरे, बीचवर स्विमसूट चालतो. अबू धाबीची शेख झायेद मशीद बघणार असाल तर पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे आणि डोक्यावर ओढणी, नवऱ्यालाही फुल पँट. आपला पंजाबी ड्रेस आणि ओढणी अगदी चपखल. अबू धाबीतच फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलेलं बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचं दगडी मंदिर पण आहे, एका दिवसात दोन्ही होतात.

१७. दुबईहून सोनं आणलं तर फायदा होतो ना? आणि अंगावरचे दागिने?

पूर्वीइतका नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं तेव्हापासून फरक बराच कमी झाला. आणि बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम दागिने फुकट आणता येतात हे जे काका लोक सांगतात, ते वर्षाहून जास्त परदेशात राहून आलेल्यांसाठी आहे. पाच रात्री राहून येणाऱ्या जोडप्यासाठी नाही. देऱ्याचा सोन्याचा बाजार बघायला जरूर जा, खरेदी लक्ष्मी रोडला करा, घडणावळ पण आपल्या पद्धतीची मिळते.

अंगावर फक्त मंगळसूत्र, छोटे कानातले, एखादी अंगठी ठेवा. तोडे, पाटल्या न्यायच्याच असतील तर जाताना भारतातल्या विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना हे इथलंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. सगळ्यात चांगलं म्हणजे लॉकरमध्ये ठेवून जा.

१८. लग्न मे महिन्यात आहे पण आम्हाला दुबईच हवंय, हॉटेलं पण स्वस्त दिसतायत, जाऊ का?

जा, पण वेगळी ट्रिप समजून जा. हॉटेल स्वस्त आहे ते उन्हामुळेच. मी जूनमध्ये गेले होते तेव्हा रात्री नऊला पण कारंज्यापाशी चष्म्यावर वाफ धरत होती. चांगल्या स्विमिंग पूलचं मोठं हॉटेल घ्या, सकाळी पूल, दुपारी खोली किंवा मॉल, रात्री बाहेर. फुलांचं मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज उन्हाळ्यात बंद असतात, एजंटच्या ब्रोशरवर त्यांचे फोटो असले तरी. सफारी संध्याकाळचीच घ्या.

१९. फेब्रुवारीत रमझान येतोय म्हणे, मग दुबई कॅन्सल करावी का?

गरज नाही. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०२७ मध्ये तो साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. दुपारी रेस्टॉरंट चालू असतात, फक्त रस्त्यावर, मेट्रोत खात-पीत फिरू नका, आणि कपडे जरा सांभाळून. रात्री शहर उशिरापर्यंत जागं असतं, इफ्तारचे बुफे भारी असतात. नाचगाण्याच्या, पार्टीच्या अपेक्षेने जाणार असाल तर मात्र तारीख बदला.

रमझानपेक्षा मी आखातातल्या बातम्या जास्त बघायला सांगेन. तणाव वाढला की आकाशमार्ग बंद होतो आणि विमानं रद्द होतात. रद्द करता येणारं हॉटेल घ्या, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा.

२०. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये होतील का?

नाही. एक पश्चिमेला, एक पूर्वेला, मध्ये आपणच. सिंगापूरला जोडायचं असेल तर फेरीने इंडोनेशियाचं बिंटान बेट किंवा विमानाने बाली, आणि त्यांचे व्हिसाचे नियम वेगळे बघायचे. सिंगापुरात परत यायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेवढं तपासा.

२१. तो म्हणतो दुबई, मी म्हणते सिंगापूर, पत्रिका छापून झाल्या तरी आमचं ठरत नाहीये.

आमचंही हेच होतं. त्याला दुबई हवं होतं. मग आम्ही डेक्कनला कॉफी प्यायला बसलो आणि उरलेल्या दोन पत्रिकांच्या मागे दोघांनी वेगवेगळं लिहिलं, शहराचं नाव न लिहिता, सकाळी काय करायचंय, दुपारी काय, रात्री काय. त्याच्या कागदावर होतं: उंचावरून शहर बघायचं, पोहायचं, कुणी फोन न करता झोपायचं. माझ्या कागदावर: झाडं, पायी फिरणं, रात्री उशिरापर्यंत बाहेर बसणं. शॉपिंग कुणीच लिहिलं नव्हतं. लग्न मेमध्ये होतं, त्यामुळे पुढचं पाच मिनिटांत ठरलं. तुम्हीही हेच करा, पण कागदं बदलायच्या आधी एकमेकांचं बघायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सुपरट्रींखाली गेलो होतो, पावणेआठचा शो. लोक जमिनीवर सरळ आडवे होतात, आम्ही पण झालो. पाठीखालची फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती, वर त्या पंचवीस ते पन्नास मीटरच्या झाडांचे दिवे गाण्याबरोबर जांभळे, हिरवे होत होते, आणि साखरपुड्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं पंधरा मिनिटं काहीही न बोलता एकमेकांशेजारी पडून होतो. संपल्यावर सगळे उठले. तो तसाच पडून म्हणाला, पावणेनऊचा पण बघूया का.